आईचा जीएफआर ५३ की ३०? डोस नेमका कुठल्या आकड्यावर ठरवायचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. आई ७४ वर्षांच्या, वजन ४३ किलो, उंची १४८ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूटही नाही. शुगर जुनी, पायांची आग होते म्हणून प्रीगॅबालिन सकाळी ७५ आणि रात्री १५०, शुगरसाठी मेटफॉर्मिन ५०० दोनदा, आणि मागच्या वर्षी हृदयाचे ठोके अनियमित निघाले तेव्हापासून रक्त पातळ करायची डॅबिगॅट्रान ११० दोनदा. क्रिएटिनिन १.१, लॅबने पुढे नॉर्मल म्हणून छापलंय, खाली ईजीएफआर ५३ (जीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली गाळते ते, ईजीएफआर म्हणजे त्याचा अंदाज). गावातले डॉक्टर म्हणाले वयाच्या मानानं छान आहे, चालू ठेवा. पुण्याला हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं तर तिथल्या फार्मासिस्ट मुलीनं मोबाईलवर हिशेब करून सांगितलं की क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती साफ करते त्याचाच दुसरा अंदाज, ३० येतोय, गोळ्या बघायला लागतील. आणि आईला हल्ली सकाळी गुंगी असते, दोनदा तोल गेला. तर खरा आकडा कुठला, लॅबचा की त्या मुलीचा?

मी आत्ता कागदावर दोन्ही काढून बघितले. लॅबचं ५३ बरोबर आहे, मुलीचं ३० पण बरोबर आहे. कोणीच चुकलेलं नाही. आणि तुमच्या आईची किडनी खरोखर किती काम करते ते या दोनपैकी एकही आकडा छातीठोक सांगत नाही, दोन्ही अंदाजच आहेत. म्हणून "खरा कुठला" हा प्रश्न मी जरा बदलून घेतो: कुठल्या गोळीसाठी कुठला अंदाज वापरायचा, आणि अंदाज चुकलाच तर कुठल्या बाजूला चुकलेलं परवडेल. गेली वीसेक वर्षं सोलापूरकडे किडनीचेच पेशंट बघतोय, आणि डोसच्या भानगडी बहुतेक वेळा इथंच होतात, औषध आधी न बघता रिपोर्टवरचा एकच आकडा सगळ्याला लावला जातो.

आधी ते "नॉर्मल" काय आहे बघू. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज ठराविक प्रमाणात सुटणारा कचरा, तो किडनीतून बाहेर जातो. मी पेशंटच्या नातेवाईकांना न्हाणीघरातल्या मोरीचं उदाहरण देतो. मोरी अर्धी तुंबलेली असली आणि तुम्ही तांब्याभर पाणी ओतलं तर काहीच कळत नाही, पाणी निवांत निघून जातं. बादली ओतली की मग साचतं. पैलवानाचं शरीर रोज बादली ओततं, तुमच्या आईचं शरीर तांब्या. साचलेलं पाणी दोघांचं सारखं दिसलं म्हणून मोरी दोघांची सारखी आहे असं होत नाही. १.१ हा आकडा २५ वर्षांच्या ७० किलोच्या मुलात अगदी निरोगी असतो आणि ४३ किलोच्या ७४ वर्षांच्या बाईत तोच आकडा किडनीचं काम बरंच कमी झाल्याचं सांगतो. लॅबची नॉर्मल रेंज छापणाऱ्या कॉम्प्युटरला वजन माहीत नसतं, त्याचा काय दोष.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो, म्हणजे पुस्तकात होतंच, पण शिकलो ते चूक करून. रेसिडेंट होतो तेव्हा वॉर्डात एक बिडी वळणाऱ्या आजी होत्या, सत्तरीच्या, वजन ३६ किलो, लघवीतला जंतू चिवट निघाला म्हणून अमिकासिन हे अँटिबायोटिक लागणार होतं. क्रिएटिनिन ०.९. मी खुशीत किलोला १५ एमजी हिशोबानं रोज ५०० एमजी लिहिलं आणि दहा दिवस दिलं. सातव्या आठव्या दिवशी त्या म्हणायला लागल्या की कानात काहीतरी वाजतंय, मी म्हटलं वयोमानानं होतं. घरी जाताना त्यांना ऐकू कमी येत होतं आणि भिंत धरून चालत होत्या. ते कान परत आले नाहीत. नंतर सरांनी फळ्यावर माझ्याकडून हिशेब करून घेतला, क्लिअरन्स आला ३३. हे सूत्र मला परीक्षेपुरतं तोंडपाठ होतं, पेशंटच्या खाटेशी उभं असताना मात्र आठवलं नाही. त्यानंतर आजतागायत चाळीस-पंचेचाळीस किलोच्या म्हाताऱ्या माणसाचं "नॉर्मल" क्रिएटिनिन दिसलं की मला आधी त्या आजी दिसतात.

आता हे दोन आकडे कुठून येतात ते. त्या मुलीनं वापरलं ते कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र, १९७६ सालचं, कॅनडातलं. १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिननं भागा, बाई असेल तर शेवटी ०.८५ नं गुणा. तुमच्या आईचं: १४० वजा ७४ म्हणजे ६६, गुणिले ४३ म्हणजे २८३८, भागिले ७९.२ म्हणजे पस्तीसच्या वर, त्याला ०.८५ नं गुणलं की ३०. हे सूत्र २४९ पुरुषांवरून काढलेलं आहे, आणि बायकांसाठीचं ते ०.८५ या लोकांवर मोजून आलेलं नाही, बायकांत स्नायू कमी म्हणून पंधरा टक्के कमी धरूया असा तो अंदाज. आणि त्या काळची क्रिएटिनिन मोजायची पद्धत आजच्यापेक्षा थोडा जास्त आकडा द्यायची. म्हणजे सूत्र काही पवित्र नाही. म्हाताऱ्या बारीक माणसात ते जरा जास्तच कमी दाखवतं असं आम्हा लोकांचं साधारण मत आहे.

लॅबचं ५३ येतं सीकेडी-ईपीआय समीकरणातून, आधी २००९ चं होतं, आता २०२१ चं वापरतात. हे हजारो लोकांवरून काढलेलं आहे, आजच्या पद्धतीच्या क्रिएटिनिनवर बेतलेलं आहे, आणि किडनीचा आजार आहे का, किती पुढे गेलाय, हे ठरवायला निर्विवाद चांगलं. पण त्यात वजन नाही. वजनाची गरज भासू नये म्हणून उत्तर १.७३ चौरस मीटर शरीराच्या माणसासाठी दिलेलं असतं, रिपोर्टवर एककाच्या शेवटी बारीक अक्षरात ते १.७३ लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. हा १.७३ आला कुठून तर १९२० च्या दशकातल्या तरुण अमेरिकन लोकांच्या सरासरीतून. म्हणजे लॅब सांगतेय की तुमची आई त्या अंगलटीची असती तर तिची किडनी मिनिटाला ५३ मिली गाळत असती. पण गोळी त्या काल्पनिक बाईच्या पोटात जात नाहीये.

ते दुरुस्त करता येतं. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोमध्ये, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ, म्हणजे अंगाचं क्षेत्रफळ. आईचं येतं १.३३. आता ५३ ला १.३३ नं गुणून १.७३ नं भागा, येतात साधारण ४०. बघा, ५३ आणि ३० मधला निम्म्याहून जास्त फरक नुसता अंगलटीचा होता, तो एका झटक्यात निघाला. उरलेला ४० आणि ३० मधला फरक मात्र दोन सूत्रांच्या स्वभावाचा आहे, तो कागदावर मिटत नाही. माझा स्वतःचा अंदाज विचाराल तर खरं उत्तर या दोनच्या मध्ये कुठंतरी असेल. ५३ नक्की नाही.

आणखी एक भर, आपल्या लोकांबद्दल. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात इन्युलिन (किडनीतून गाळला जाणारा एक पदार्थ) शरीरात सोडून किडनीचं गाळणं प्रत्यक्ष मोजलं होतं, आणि क्रिएटिनिनवरची चालू समीकरणं भारतीयांमध्ये जीएफआर जास्त दाखवतात असं त्यात निघालं. कारण समजण्यासारखं आहे, आपल्यात स्नायू कमी, खाण्यात मांस कमी, तांब्या लहान. म्हणून आपल्याकडच्या बारीक, शाकाहारी, म्हाताऱ्या माणसाचा रिपोर्ट वाचताना मी मनातल्या मनात थोडं खालीच धरतो.

मग सगळं सोडून अंगलट दुरुस्त केलेला ४० च का वापरू नये? तर्कानं ते ठीकच आहे आणि हळूहळू जग तिकडेच चाललंय, केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही अंगलट फार लहान किंवा फार मोठी असेल तर, विशेषतः ज्या औषधात चुकायला जागा कमी त्यासाठी, असाच आकडा बघायला सांगितलंय. अडचण जुन्या लेबलांची, म्हणजे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकांची आहे. औषध बाजारात येण्याआधी किडनी कमजोर असलेल्या लोकांत त्याचा अभ्यास होतो आणि त्यावरून "५० च्या खाली एवढा, ३० च्या खाली तेवढा" असं ठरतं. १९९८ साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, या अभ्यासांसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यात कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचा क्लिअरन्स होता, म्हणून नंतरची बरीच वर्षं कंपन्यांनी त्याच मापानं मोजलं. ज्या फुटपट्टीनं कापड मोजलं त्याच फुटपट्टीनं शिवायचं, एवढा साधा मुद्दा आहे. फुटपट्टी थोडी वाकडी असली तरी चालतं, दोन्हीकडे सारखीच वाकडी असते.

आता एकेक गोळी घेऊ, कारण उत्तर तिथंच आहे.

प्रीगॅबालिन. ही गोळी शरीरात जवळपास बदलतच नाही, नव्वद टक्क्यांहून जास्त जशीच्या तशी लघवीतून जाते. क्लिअरन्स ३० ते ६० असेल तर चांगल्या किडनीच्या माणसाच्या निम्मा डोस, १५ ते ३० असेल तर साधारण पाव. गंमत बघा, इथं ५३ धरा, ४० धरा नाहीतर ३० धरा, तिन्ही आकडे निम्मा किंवा त्याहून कमीच सांगतात. म्हणजे ज्या गोळीचा त्रास दिसतोय तिथं दोन आकड्यांचं भांडणच नाहीये. दिवसाला २२५ एमजी हे तुमच्या आईच्या शरीरात चांगल्या किडनीच्या माणसानं ४५० घेतल्यासारखं आहे, आणि क्लिअरन्स तिशीच्या खाली असेल तर नऊशे. सकाळची गुंगी, तोल जाणं, हे याचंच आहे असं मी न तपासता शपथेवर सांगणार नाही, शुगर खाली जाणं, उभं राहिल्यावर बीपी पडणं हेही बघायला हवं, पण माझ्या ओपीडीत आई आल्या असत्या तर पहिली कात्री इथं लागली असती. एकदम बंद करायची नसते, पायरी पायरीनं उतरवतात, डॉक्टरांना विचारून. आणि हे या आठवड्यातच विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेली बाई पडणं म्हणजे दुहेरी धोका, डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होतो.

डॅबिगॅट्रान. इथं मात्र भांडण खरं आहे. ही ऐंशी टक्के किडनीतून जाते. जिच्या जोरावर ती बाजारात आली त्या मोठ्या चाचणीत कॉकक्रॉफ्ट-गॉल्टनं ३० च्या खाली असलेले पेशंट घेतलेच नव्हते, आणि युरोपच्या लेबलवर ३० च्या खाली द्यायचीच नाही असं आहे. आई बरोबर कुंपणावर. आता कुंपण किती डळमळीत ते बघा: क्रिएटिनिन १.१ ऐवजी १.० आलं तर क्लिअरन्स ३३, आणि १.२ आलं तर २८. तीच बाई, तीच किडनी, लॅबच्या रोजच्या फरकानं एका दिवशी गोळी चालते आणि दुसऱ्या दिवशी चालत नाही. वजन ४३ ऐवजी ४६ धरलं तरी ३२ च्या पुढे जातो. त्यामुळे "३० आहे की ३१" यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही. मी अशा वेळी डॅबिगॅट्रानवर ताणून धरत नाही, हार्टच्या डॉक्टरांशी बोलून किडनीवर कमी अवलंबून असलेली गोळी बघतो, बहुतेक वेळा अपिक्सबान, ती साधारण पाव हिस्साच किडनीतून जाते. तिचा डोस कमी करायचे निकष पण वेगळेच आहेत: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तीनपैकी दोन बसले तर निम्मा डोस. आईला एकच बसतो, वजनाचा. म्हणजे या नियमानं पूर्ण डोस येतो, पण युरोपच्या लेबलवर क्लिअरन्स १५ ते २९ मध्ये असेल तरी निम्माच सांगितलाय, म्हणजे परत तेच कुंपण. हा निर्णय हार्टच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. तोपर्यंत घाबरून गोळी स्वतः बंद करू नका, बंद केली तर पक्षाघाताचा धोका उघडा पडतो आणि तो धोका आजचा आहे.

मेटफॉर्मिन. इथं उलट. २०१६ मध्ये एफडीएनं जुना क्रिएटिनिनचा नियम काढून ईजीएफआरचा लावला: ३० च्या खाली अजिबात नाही, ३० ते ४५ मध्ये नव्यानं सुरू करू नका. इथली फुटपट्टी लॅबचीच, १.७३ वाली. त्या हिशेबानं ५३ म्हणजे चालू ठेवायला हरकत नाही. तरी इतक्या लहान चणीत मी दिवसाला १००० च्या वर जात नाही, तुमच्या आईचा तेवढाच आहे, ठीक आहे. एक गोष्ट मात्र आधीच विचारून ठेवा, उलट्या जुलाब लागले, खाणंपिणं बंद झालं तर त्या दिवसांत कुठल्या गोळ्या थांबवायच्या. मेटफॉर्मिन त्यात असतेच, बीपीच्याही काही असतात. मे महिन्यात आमच्याकडे उन्हानं सुकलेले पेशंट येतात त्यातले निम्मे वाचले असते जर हे कोणी आधी सांगून ठेवलं असतं.

इथवरचं एका वाक्यात: एकाच आईला तीन गोळ्यांसाठी तीन वेगवेगळ्या पद्धतीनं बघावं लागलं, एका गोळीत आकड्याचा वादच नव्हता, एकीत कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट, एकीत लॅबचा ईजीएफआर.

आता चुकलेलं कुठल्या बाजूला परवडतं ते. प्रीगॅबालिन थोडी कमी पडली तर पायांची आग वाढेल, पुन्हा वाढवता येईल. अमिकासिन जास्त झालं तर कान जातात, परत येत नाहीत. म्हणून पहिल्या बाबतीत खालचा आकडा धरणं सोपं आणि दुसऱ्या बाबतीत सक्तीचं. पण सगळीकडे खालचा आकडा धरणं म्हणजे सावधपणा असं समजू नका, ही चूकही मी रोज बघतो. न्यूमोनियानं धापा टाकणाऱ्या माणसाला क्रिएटिनिन १.८ बघून अँटिबायोटिकचा पहिलाच डोस निम्मा देतात. पहिला डोस किडनीवर ठरत नाही, शरीरात औषध पसरायला किती जागा आहे त्यावर ठरतो, तो पूर्णच द्यायचा, किडनीचा हिशेब पुढच्या डोसांना. शिवाय सेफ्ट्रायाक्झोन, लिनेझोलिड असल्या औषधांना किडनीसाठी डोस कमी करायची गरजच नसते, तरी भीतीनं कमी केलेले कागद माझ्यापुढे येतात. उलट सेफेपिम हे अँटिबायोटिक कमी करायचं राहतं, आणि पेशंट बडबडायला लागतो, अंगाला झटके येतात, मग मेंदूचा एमआरआय निघतो.

कधी ही सगळी सूत्रं कचऱ्यात टाकायची तेही सांगतो. क्रिएटिनिन रोज बदलत असेल तेव्हा. सूत्र गृहीत धरतं की मोरीत पाणी एका पातळीला थांबलंय. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, किडनीवर जाणारा एक ताप) पेशंट येतात, समजा किडनी काल रात्री पूर्ण बंद पडली, तरी क्रिएटिनिन दिवसाला साधारण एक-दीडनंच चढतं, म्हणून आज सकाळी १.४ दिसेल आणि मोबाईल सांगेल ५५. खरा आकडा शून्याजवळ. चढत असेल तर जीएफआर आकड्यापेक्षा बराच कमी धरायचा, उतरत असेल तर जास्त. हे ॲपला कळत नाही, लघवी किती होतेय ते बघणाऱ्या सिस्टरला कळतं.

पाय कापलेले, वर्षभर अंथरुणाला खिळलेले, लिव्हर सिरॉसिसवाले, यांचा तांब्या इतका लहान असतो की क्रिएटिनिनवरचं कुठलंच सूत्र धड चालत नाही. दुसऱ्या टोकाला तालमीतली मुलं. कोल्हापूरकडचा एक पैलवान "किडनी खराब" असा शिक्का घेऊन आला होता, क्रिएटिनिन १.५, घरचे रडकुंडीला, कोणीतरी लग्न पुढे ढकला म्हणालं होतं. रोजचं मटण, वर क्रिएटिनचा डबा. लघवीत प्रोटीन नाही, सोनोग्राफी स्वच्छ. सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी केली, नॉर्मल. लग्न ठरल्या तारखेला झालं.

ही सिस्टॅटिन-सी तुमच्या आईसाठीही उपयोगाची आहे. हे प्रोटीन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, स्नायूंवर फारसं अवलंबून नाही, म्हणून बारीक माणसात जास्त विश्वासाचं. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही घालून काढलेला ईजीएफआर एकट्या दोघांपेक्षा बरा असतो, अंगलटीची दुरुस्ती मात्र त्यालाही करायची. क्रिएटिनिनपेक्षा बरीच महाग आहे आणि छोट्या गावातून सॅम्पल मोठ्या शहरात जातं, पण रोज नाही करायची, एकदा केली की आईच्या बाबतीत क्रिएटिनिन किती फसवतंय ते कळून जातं. थायरॉइड बिघडलेला असेल, स्टिरॉइड चालू असेल, माणूस फार लठ्ठ असेल तर तीही फसवते. दम्यासाठी आई स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असतील तर सांगा.

२४ तासांची लघवी साठवूनही क्लिअरन्स काढता येतो, कागदावर उत्तम. प्रत्यक्षात कॅनमध्ये किती तासांची लघवी येते ते देव जाणे, मध्येच एखादं लग्न निघतं, एखादा सत्यनारायण. म्हाताऱ्या बाईला हा व्याप मी शक्यतो लावत नाही. आणि कोणी डीटीपीए स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून किडनीचं काम बघणारा) सुचवला तर विचारा रक्ताचे नमुने घेऊन मोजणार का नुसत्या कॅमेऱ्यावर. नुसत्या कॅमेऱ्यावरच्या आकड्याला मी डोससाठी फार मान देत नाही.

तपासणी परत करताना छोट्या गोष्टी सांभाळा, कारण आई कुंपणावर आहेत आणि ०.१ नं निर्णय फिरतो. लॅब तीच ठेवा. विचारा की क्रिएटिनिन एन्झाइम पद्धतीनं करता की जाफेच्या, ही जाफेची पद्धत १८८६ पासूनची आहे, अजून चालते, स्वस्त आहे, पण कावीळ, शुगर फार वाढलेली, काही सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिक यांनी तिचा आकडा हलतो. आदल्या रात्री मटण-चिकन नको, शिजवलेल्या मांसानं क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक, म्हणजे ते सल्फावालं, चालू असेल तर क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, किडनी तशीच असूनही. आणि वजन खरं मोजा, फाईलवरचं दोन वर्षांपूर्वीचं नको. पायावर सूज असेल तर ते पाण्याचं वजन, ते धरायचं नाही. (लठ्ठ माणसात उलटी अडचण, तिथं पूर्ण वजन घातलं तर क्लिअरन्स फुगतो, उंचीवरून आदर्श वजन काढून त्यात जास्तीच्या वजनाचे चाळीस टक्के मिळवतात. तुमचा तो प्रश्न नाही.)

गावातल्या डॉक्टरांवर रागावू नका. रोज शंभर पेशंट बघताना समोर नॉर्मल छापलेलं असलं की डोळा पुढे जातो, माझाही गेला होता. त्यांच्यापुढे भांडण घेऊन जाण्यापेक्षा कागद घेऊन जा: वय, आजचं वजन, उंची, क्रिएटिनिन तारखेसकट, मागच्या दोन-तीन रिपोर्टचे आकडे, आणि सगळ्या गोळ्या. सगळ्या म्हणजे दुकानातून आणलेली अंगदुखीची पण, आयुर्वेदिक काढा पण, शेजारणीनं दिलेली पण. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक वगैरे घेत असतील तर ती किडनीलाही मारते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर पोटातून रक्तस्रावही करते, सगळ्यात आधी ती सुटली पाहिजे, कधी कधी नुसती ती बंद केल्यावर महिन्याभरात क्रिएटिनिन १.१ वरून खाली येतं आणि मग हा वरचा सगळा हिशेब नव्यानं मांडायला लागतो.

त्या फार्मासिस्ट मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. ती पुढच्या वेळी भेटली तर तिलाच विचारा की आईच्या कुठल्या गोळीला कुठला आकडा वापरला, तिच्याकडे उत्तर असणार. आणि सिस्टॅटिन-सी केलीत तर ती आणि नवीन क्रिएटिनिन, त्याच दिवशीच्या वजनासह इथं टाका, बसून परत मांडू. प्रीगॅबालिनचा डोस उतरवायचं विचारायला मात्र त्या रिपोर्टची वाट बघू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करा.